अंगात आलेल्यांचा पंचनामा

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे आहात. पाठीमागे सुरत, समोर बारडोली, डाव्या हाताला अहमदाबादची वाट, उजव्या हाताला मुंबईची. रंगाई-छपाईच्या मिलांचा उग्र वास नाकात बसलाय. शेजारी नंदुरबारकडचा एक पोरगा फोनवर घरच्यांशी अहिराणीत बोलतोय. त्याचं बोलणं संपायच्या आत आपल्याला निघायचंय.

काळात मागे जाताना आधी मिल जातात. मग ऊस जातो, कारण उकाईचं धरण गेलं, त्याआधीचा काकरापारचा बंधाराही गेला. कालवेच नाहीत तर ऊस कुठून उभा राहणार? काळ्या रानात कापूस आणि ज्वारी उरते. डांबर जातं, बैलगाडीची चाकोरी येते. शिंदीची झाडं मात्र वाढतच जातात. बांधाबांधावर, ओढ्याच्या काठाला, गावाच्या वेशीवर, जिकडंतिकडं शिंदी. थांबा, इथंच उतरायचं. साल १९२२, महिना नोव्हेंबर. दिवाळी होऊन तीनेक आठवडे झालेत.

मनगटावरचं घड्याळ काढून कमरेला खोचा. बूटही नकोत, या मुलखात बूट घालणारा माणूस एकतर सरकारचा असतो नाहीतर दारूच्या पिठ्याचा, आणि सध्या दोघांनाही दिवस बरे नाहीत. धोतर, बंडी, डोक्याला फडकं एवढं पुरे. चलथाणला तापी व्हॅलीची गाडी मिळेल. वीस-बावीस वर्षांचीच आहे ही रेल्वे, सुरतेपासून खानदेशात अमळनेरपर्यंत जाते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाराजवळ बसा, म्हणजे बाहेरचं दिसेल.

खिडकीतून जी शिंदीची झाडं दिसतायत, त्यातल्या कित्येकांच्या बुंध्यांवर आकडे आहेत. ज्या झाडाची ताडी काढायची, त्याचा कर आधी भरायचा. झाड बांधावर तुमच्या आज्यानं लावलेलं असलं तरी. १८७८ च्या अबकारी कायद्यानं मुंबई इलाख्यात हा सगळा कारभार एका दोरीत ओवला. त्याआधी डोंगरातला माणूस मोहाची फुलं वेचायचा, घरच्या मडक्यात दारू गाळायचा, देवाला शिंपडायचा आणि उरलेली प्यायचा. आता घरी गाळणं गुन्हा. दारू सरकारी भट्टीतून येणार, पिठ्याचा लिलाव होणार, लिलाव घेणारा बहुतेक पारशी असणार, आणि त्याच्याकडची उधारी चढत गेली की शेत त्याच्या नावावर जाणार. पारशी घेणेकऱ्यावर या भागात जो राग आहे, त्यातला निम्मा खरा तर लिलाव करणाऱ्याच्या वाट्याचा. पण लिलाव करणारा सुरतेच्या कचेरीत बसतो आणि पारशी शेठ गावात दिसतो. राग दिसतो त्याच्यावर निघतो.

बारडोली स्टेशनात पोलीस जरा जास्तच आहेत. गेल्या फेब्रुवारीत इथूनच सारा न भरण्याची चळवळ सुरू व्हायची होती. चौरीचौऱ्याला जमावानं ठाणं पेटवलं, पोलीस जळाले, आणि गांधींनी बारडोलीचा बेत थांबवला. मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची सजा झाली. आता ते येरवड्यात आहेत. सरकारला वाटलं, सुटलो. तोफा-बंदुकांनी कैसरला नमवून चारच वर्षं झालेलं हे साम्राज्य. अमृतसरच्या बागेत त्यानं काय केलं ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. बारडोलीचा पाटीदार शेतकरी आता गप्प बसलाय. तेवढ्यात पूर्वेच्या डोंगरातून एक बाई निघाली.

तुमच्यासमोर बसलेला म्हातारा कुकणा आदिवासी आहे, सुरगाण्याकडचा. त्याची बोली तुम्हाला समजेल, अर्धी मराठी, अर्धी त्याची स्वतःची. त्याला विचारा.

"बाबा, ही बाई आली कुठून?"

"दर्यावरून. तिकडं पालघरला मांगेल्यांच्यात आली पहिली. मग वर चढली. आमच्याकडं आली, डांगात गेली, आता हिकडं."

"तुम्ही पाहिली?"

म्हातारा तुमच्याकडं जरा कीव आल्यासारखा बघतो. "वारं दिसतं का कुणाला? झाड हलतं ते दिसतं."

त्याचा हिशेब चोख आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांत देवीच्या साथीनंतर तिला शांत करण्याचे विधी झाले, त्यात माणसांच्या अंगात आलं, आणि अंगात आलेल्यांच्या तोंडून बाई बोलली: दारू सोडा, मासे-मटण सोडा. मासे मारून जगणाऱ्यांनी मासे खायचे सोडले. तिथून हे गावोगाव सरकत गेलं. एका गावात वारं आलं की शेजारच्या गावानं येऊन बघायचं, आपल्यातली दोन-चार माणसं तिथं बसवायची, आणि बाईला आपल्या शिवेत घेऊन जायचं. नेता नाही, वर्गणी नाही, कागद नाही. जप्त करायला काही नाही, हीच पोलिसांची पहिली अडचण.

आता खानपूर. ब्रिटिश सुरत जिल्ह्यातलं लहानसं गाव, तारीख ९ नोव्हेंबर, गुरुवार. सहा गावांची मिळून दोनेक हजार माणसं जमलीत. चौधरी, गामीत, कुकणा, थोडे धोडिया. बायका जास्त आहेत की पुरुष, हे गर्दीत कळत नाही. खांब रोवून वर पाला टाकलेला मांडव आहे. मोकळी जागा झाडून शेणानं सारवलीय. कुठंही कोंबडं नाही, हे तुमच्या उशिरा लक्षात येतं. आदिवासी गावात कोंबडं नाही म्हणजे काहीतरी घडलंय. कुणी बाजारात पडेल त्या भावात विकली, कुणी रानात सोडून दिली. बकऱ्यांचंही तेच.

मांडवात अंगात येणारे ओळीनं बसलेत. हातात तांबडी फडकी. आधी काहीच होत नाही. एक पोर रडतं, कुणी खोकतं, मागचा माणूस तुमच्या पाठीला गुडघा टेकवून बसतो. मग पहिल्याची मान हलू लागते. हळू, मग जोरात. शेजारच्याची हलते. तिसऱ्याचा श्वास भात्यासारखा चालू होतो. तुम्ही शहाण्या माणसासारखं बघायचं ठरवलेलं असतं, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. भीती वाटायला विश्वास लागतोच असं नाही.

ते फडकं डोळ्यांसमोर धरतात आणि वाचायला लागतात. अक्षर एकालाही येत नाही, फडक्यावर काही लिहिलेलंही नाही. पण ते वाचतायत. दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका. मटण-मासळी खाऊ नका. साधं, स्वच्छ राहा. पुरुषांनी दिवसातून दोनदा आंघोळ करा, बायकांनी तीनदा. पारशाशी कसलाही संबंध ठेवू नका. (बाई स्वतः बाईच, तरी पाणी भरणाऱ्यांच्याच वाट्याला एक आंघोळ जास्त! शेजारच्या म्हातारीनंही हे मनातल्या मनात मोजलं असणार, तिच्या तोंडावरून दिसतंय.) पारशाची सावली अंगावर पडली तर आंघोळ करा, असंही पुढं पुढं सांगितलं जाईल. ज्यांना आजवर गावातल्या प्रत्येक उजळ जातीनं लांब बसवलं, त्यांना दुसऱ्याचा विटाळ मानायची ही पहिली संधी.

वाचून झाल्यावर बाईच्या, म्हणजे सलाबाई देवीच्या, वेशातल्या एका मुलीसमोर लोक नाणी ठेवतात. मग भंडारा. पंगतीत तुम्हालाही पान मिळेल, बसा. डाळ-भात. जेवताना कुणी कुणाची जात विचारत नाही, पण तुमच्या तोंडाला वास येतोय का हे मात्र शेजारचा सहज वाकून बघेल.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या दोघांकडं एकदा बघून घ्या. एक पोलीस पाटील. त्याच्याच काकांच्या अंगात आलंय, त्यामुळं आज नक्की कुठल्या बाजूनं उभं राहावं हे त्याला ठरत नाहीये. दुसरा बाहेरून आलेला, धोतर नेसलेला पण चाल कवायतीची. तो मनातल्या मनात डोकी मोजतोय. उद्या ही मोजणी सुरतेच्या कचेरीत पोचेल.

सरकारला नेमकं कशाचं भय वाटलं, हे समजायचं तर आणखी थोडं मागं बघावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी, १९१३ च्या नोव्हेंबरात, इथून उत्तरेला मानगढच्या डोंगरावर गोविंद गुरूंचे भिल्ल भगत धुणी पेटवून बसले होते. त्यांचीही शिकवण हीच, दारू सोडा, स्वच्छ राहा. भोवतालच्या संस्थानिकांचं अबकारी उत्पन्न घसरलं, भगत वेठीला येईनात, आणि फौज आणून डोंगरावर गोळीबार झाला. त्याआधी रांचीकडं बिरसा मुंडा, लोकांचा धरती आबा. १९०० साली तुरुंगात मेला. त्याआधी, १८५५ मध्ये, सिदो-कान्हू या संथाळ भावांना ठाकूरनं दर्शन दिलं होतं. साहेबाच्या दप्तरात हा सगळा अनुभव साचलेला आहे. बंदूक हातात घेतलेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडं मागण्या असतात, मागण्यांची वाटाघाट होते. अंगात आलेला माणूस वाटाघाटच करत नाही. त्याला अटक करा, बाई दुसऱ्याच्या अंगात जाते.

रात्री व्याऱ्याच्या धर्मशाळेत मुक्काम करा. व्यारा बडोद्याच्या राज्यात आहे. या भागात इंग्रजी आणि गायकवाडी हद्दी अशा गुंतल्यात, की एका शेताचा बांध साहेबाचा तर पलीकडचा महाराजांचा. धर्मशाळेत तुम्हाला एक कारकून भेटेल. कचेरीत गुजराती लिहितो, घरी मराठी बोलतो, बदलीवर आलाय. कंदिलाच्या उजेडात त्याला आपल्या भाषेतला माणूस सापडल्याचा आनंद होतो आणि तो बोलत सुटतो.

"आमच्या सरकारांनी या लोकांसाठी काय कमी केलंय? सोनगडला वसतिगृह काढलं, तेही चाळीसेक वर्षांपूर्वी. शिक्षण सक्तीचं केलं, ते हिंदुस्थानात दुसऱ्या कुणी केलं होतं? दारू सोडा म्हणून मास्तर घसा फोडून सांगत होते. तेव्हा ऐकलं नाही."

"आता ऐकतायत की."

"आता कुणाचं ऐकतायत?" तो आवाज खाली आणतो. "हुकूम आमचा नाही ना."

खोटं काही बोलला नाही तो. सयाजीराव गायकवाडांचं राज्य सुधारणेत पुढं होतं, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलेलं. सुधारणा हवी होती, फक्त ती फायलीतून यायला हवी होती. आणि दुसरं, जे तो सांगणार नाही: पिठे ओस पडले तर पुढच्या लिलावाला बोली कोण लावणार? इंग्रजी काय, गायकवाडी काय, तिजोरीचा एक मोठा पाय दारूच्या बाटलीवर उभा आहे. दारू वाईट असं म्हणणारं सरकार आणि दारूवर चालणारं सरकार एकच असलं की त्याला देवीची भीती वाटणारच.

"तिकडं इंग्रजी हद्दीत कलम आहे," कारकून पुढं सांगतो, "पाचशे आठ. देवाचा कोप होईल असं भय घालून एखाद्याला, जे करायला तो कायद्यानं मोकळा आहे, ते करू न देणं."

"म्हणजे दारू पिणं हा हक्क?"

तो हसतो. हे कलम दंड संहितेत १८६० सालीच आलेलं, शिक्षा एक वर्षापर्यंत. पण दोन हजार साक्षीदारांपैकी एक तरी म्हणायला हवा, की मला दारू प्यायची होती आणि बाईच्या भयानं मी प्यालो नाही. तसा साक्षीदार या हिवाळ्यात मिळणं कठीण.

साहेबालाच नावं ठेवून आपण मोकळं होऊ नये. मराठ्यांच्या राज्यातही हे भय होतं. पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवलंय, की भुतं घालणाऱ्या, चेटूक करणाऱ्या माणसांना हुडकून शिक्षा करायला सरकारनं रीतसर अधिकारी नेमले होते. घोडदळाच्या जोरावर अटकेपर्यंत गेलेलं राज्य, आणि त्याच्या दप्तरात भुतांचा बंदोबस्त! पेशव्यांचा चेटकावर विश्वास होता म्हणून ते शिक्षा करत. इंग्रजाचा विश्वास नव्हता, तरी त्यालाही पोलीस पाठवावेसे वाटले.

आणि डोंगरातल्या गावालाही हे भय आहेच. भगताच्या अंगात येतं तेव्हा तो आजार काढतो, पाऊस सांगतो, आणि कधी कधी डाकीणही दाखवतो. गावात पोरं मरतात, गुरं मरतात, आणि भगताचं बोट एखाद्या एकट्या बाईकडं वळतं. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, कधी जीवही घेतात. खानदेशात, डांगात, गुजरातच्या पट्ट्यात हे पिढ्यान् पिढ्या घडत आलंय. मांडवातल्या गर्दीत अशी एखादी विधवा बसलेली असेल, तर तिला हलणाऱ्या मानांकडं बघताना काय वाटत असेल? साम्राज्याला घाबरवणारी शक्ती तिलाही घाबरवतेच, आणि तिच्याजवळ पोलीस नाहीत. या चळवळीची पूजा बांधणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरी आजची ही मान वेगळ्या कारणासाठी हलते आहे. तिनं बोट बाहेर वळवलंय, पिठ्याकडं.

डिसेंबर उजाडेपर्यंत सुरत जिल्ह्यातली आणि शेजारच्या गायकवाडी तालुक्यांतली आदिवासी गावं बाईच्या हुकमात आलीत. हुकूमही बदलतोय. आता फडकं गांधींचं नाव वाचायला लागलंय: खादी घाला, राष्ट्रीय शाळेत पोरं धाडा. कोळीकिडा आपल्या जाळ्यात गांधींचं नाव विणतोय, असं लोक सांगतात. गांधी तुरुंगातून निसटले, आणि एका विहिरीत सलाबाईच्या शेजारी बसून चरखा चालवताना दिसले, हेही सांगतात. तुम्हाला विहिरीच्या काठावर नेलं तर वाकून बघा. पाण्यात दिसेल ते सांगा, नाहीतर गप्प राहा; वाद घालू नका. येरवड्याच्या कैद्याला स्वतःला ठाऊक नाही, की तो इथं देवीच्या शेजारी बसलाय.

दुसरी बाजूही गप्प नाही. पारशी शेठ साहेबाकडं अर्ज करतायत. जबरदस्तीनं दारू पाजल्याच्या, पिण्याच्या विहिरीत ताडी ओतल्याच्या तक्रारी गावांतून येतायत. गायकवाडी मुलखात देवीच्या सभांना मनाईचे हुकूम निघतात, कारण इंग्रज बघेल आणि आपल्याला जाब विचारेल ही धास्ती संस्थानाला साहेबापेक्षाही जास्त. तुमचा धर्मशाळेतला कारकून आता रात्री उशिरापर्यंत लिहीत बसतो. त्यानं पहिल्या अहवालात सुधारणा असा शब्द घातला होता, वरून तांबड्या शाईची रेघ आली. साहेबांच्या कचेरीतही हाच घोळ आहे: याला समाजसुधारणा म्हणावं तर कौतुक करावं लागतं, राजकारण म्हणावं तर पकडायला पुढारी लागतो.

पुढारी स्वतःच चालून आले. जानेवारी १९२३ मध्ये शेखपूरला काळीपरज परिषद भरली. तेव्हा या लोकांना हेच हिणकस नाव होतं. वल्लभभाई पटेल आले, कस्तुरबा आल्या. तिकडं जाऊन बसलात तर फरक लगेच कळेल. व्यासपीठ आहे, ठराव आहेत, भाषण करणारा उभा आणि ऐकणारे बसलेले. बाईचे हुकूम तसेच आहेत, पण आता त्यांना प्रतिज्ञा म्हणतात. कुणाची मान हलत नाही. काँग्रेसच्या मंडळींना दारूबंदी हवी होती, खादी हवी होती. देवी मात्र अडचणीची वाटत होती. पुढं वेडछीला आश्रम उभा राहिला, चरखे आले, शाळा आली, आणि कामही खरंच झालं. अंगात आलेल्यांना कुणी फासावर चढवलं नाही. त्यांना मांडवाबाहेर बसवलं, एवढंच, आणि तेही त्यांच्या हितचिंतकांनी.

आणखी दोन-तीन महिने पुढं या. उन्हाळा लागलाय, लग्नसराई आहे. बाई आता कमी येते. बऱ्याच गावांतून ती निघून गेली म्हणतात. काहींनी मडकं पुन्हा चुलीवर चढवलंय. जे व्रत धरून आहेत ते वर्जेला, जे परत फिरले ते सर्जेला. एका घरात दोन भाऊ, एक इकडचा, एक तिकडचा, आणि दोघांचं एकमेकांच्या घरचं जेवण बंद. सोयरीक करताना आता आधी हेच विचारतात.

तुम्हाला दोघा भावांकडून एकाच दिवशी लग्नाचं बोलावणं आलंय. थोरल्याच्या मांडवात डाळ-भात आहे, खादीचं धोतर नेसलेला नवरदेव आहे, आणि पंगत अंधार पडायच्या आत उठते. धाकट्याकडं बकरं कापलंय, ढोल सकाळपर्यंत वाजणार आहे, आणि मागच्या पडवीत सरकारी शिक्का नसलेलं मडकं आहे. दोन्ही मांडवांच्या मधे बांधावर अबकारीचा शिपाई उभा आहे. थोरल्याकडं त्याला पंचनाम्याजोगं काही मिळणार नाही आणि धाकट्याकडचं मडकं पकडायचं तर पंच लागतील, म्हणून तो तुम्हालाच हाक मारतोय: "ओ भाऊ, जरा इकडं या, सही येते का तुम्हाला?"